आमच्या मुलांचा रकाना कुठं आहे?

गेल्या दिवाळीत मामाच्या गावी गेले होते. खानापूर तालुक्यातलं गाव. मामाला दोन मुलं. मोठा सहावीत, गावातल्याच सरकारी मराठी शाळेत. धाकटी येत्या जूनला पहिलीत जाणार. रात्री जेवणं झाली, मामा अंगणात सुपारी कातरत बसला होता. मला म्हणाला, "तू एवढी शिकतीस, जरा सांग बघू. धाकटीला आपल्या शाळेत घालू, का त्या इंग्रजी शाळेच्या बसमध्ये बसवू?"

मी लगेच सुरू झाले. मातृभाषेतून शिक्षण, घटनेचं कलम ३५० क, नवीन शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत मातृभाषा असं लिहिलंय, वगैरे. राज्यशास्त्राच्या पेपरात लिहितो तसं सगळं. मामानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि मग म्हणाला, "ते सगळं खरं गं. पण आपल्या शाळेतल्या पोरांना गणित येतंय काय? तेवढंच सांग."

मला उत्तर देता आलं नाही.

नंतर वाटलं, हा प्रश्न आकड्यांचा आहे आणि आकडे तर सरकार गोळा करतंय. म्हणून मोबाईलवर अहवाल उघडून बसले. त्या रात्री आणि पुढचे दोन-तीन आठवडे जे सापडलं आणि जे सापडलं नाही, ते तुमच्यापुढं मांडायचं आहे. कारण मामाचा प्रश्न सीमाभागातल्या प्रत्येक घरात विचारला जातोय आणि आपल्यापैकी कुणाकडंच त्याचं धड उत्तर नाही.

आधी ही परीक्षा काय आहे ते बघू. बोर्डाची परीक्षा वेगळी आणि ही वेगळी. राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण, ज्याला सगळे 'नास' म्हणतात, ते एनसीईआरटीमार्फत होत आलंय. २०१७ पासून त्याचे निकाल जिल्ह्यापर्यंत मिळायला लागले. १२ नोव्हेंबर २०२१ ला झालेल्या नासमध्ये तिसरी, पाचवी, आठवी आणि दहावीची मिळून सुमारे ३४ लाख मुलं बसली होती. त्यानंतर नवीन धोरणानुसार 'परख' नावाचं केंद्र एनसीईआरटीत उभं राहिलं आणि ४ डिसेंबर २०२४ ला 'परख राष्ट्रीय सर्वेक्षण' झालं. या वेळी इयत्ता बदलल्या: तिसरी, सहावी आणि नववी. ७८१ जिल्हे, ७४ हजारांवर शाळा, २१ लाखांवर मुलं. निकाल २०२५ च्या जुलैत आला.

यात एकट्या मुलाला गुण मिळत नाहीत. कुणी पास नाही, कुणी नापास नाही. प्रत्येक जिल्ह्यातून काही शाळा निवडतात, त्या शाळेतली काही मुलं निवडतात, त्यांना पर्यायी प्रश्नांची पुस्तिका देतात. आलेल्या उत्तरांवरून जिल्ह्यात, राज्यात, देशात त्या इयत्तेच्या मुलांना काय येतं याचा अंदाज बांधतात. भात शिजला का बघायला चार शितं दाबून बघतो, तसं. शितं नीट निवडली तर अंदाज बरोबर येतो.

आता गणिताचे आकडे बघा. तिसरीची देशाची सरासरी ६० टक्के. सहावीची ४६. नववीची ३७. जसजसं मूल वर जातं तसतसं गणित खाली येतंय. आणि एक गोष्ट लक्षात ठेवा. प्रश्नाला चार पर्याय असतील तर डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी २५ टक्के येतात. म्हणजे नववीतली ३७ ही संख्या आंधळ्या अंदाजाच्या फारशी वर नाही.

आतले तपशील तर अजून बोलके आहेत. तिसरीतल्या ५५ टक्के मुलांनाच ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमानं लावता येतात. सहावीतल्या ५३ टक्के मुलांनाच दहापर्यंतचे पाढे नीट येतात. आणि अर्धा, पाव असे रोजचे अपूर्णांक समजून त्यांची तुलना करणं सहावीतल्या फक्त २९ टक्के मुलांना जमतं. हा शेवटचा आकडा वाचून मी थांबले. ज्या भाषेत पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे सुटसुटीत शब्द आहेत, ज्या भाषेतल्या आजोबा-पणजोबांनी पावकी, निमकी, पाऊणकी, दीडकी, अडीचकी पाठ केली, त्या भाषेतली आमची मुलं या २९ टक्क्यांत आहेत की बाहेरच्या ७१ मध्ये? मला हे जाणून घ्यायचं होतं. मामालाही खरं तर हेच जाणून घ्यायचं होतं.

म्हणून कर्नाटकाचा अहवाल उघडला, मग जिल्ह्याचा. शिक्षण खात्याच्या हिशेबात आपले दोन शैक्षणिक जिल्हे आहेत, बेळगाव आणि चिकोडी. खानापूर बेळगावात, निपाणी चिकोडीत. नासच्या जिल्हा अहवालपत्रात मुलगे-मुलींचा तक्ता असतो. ग्रामीण-शहरीचा असतो. सरकारी, अनुदानित, खासगी असा शाळांचा असतो. सामाजिक गटांचाही असतो. हे सगळे तक्ते हवेतच, त्याबद्दल वाद नाही.

शिक्षणाच्या माध्यमाचा तक्ता मात्र मला कुठं मिळाला नाही. बेळगाव जिल्ह्यात कन्नड माध्यमाची मुलं आहेत, मराठीची आहेत, उर्दूची आहेत, इंग्रजीची आहेत. ही सगळी मुलं एकाच सरासरीत ढकलून दिली आहेत. माझा मामेभाऊ त्या सरासरीत कुठंतरी आहे. पण तो दिसत नाही.

'एवढी किचकट माहिती कोण गोळा करणार?' असं कुणी म्हणेल. पण ती गोळा झालेली आहे. २०२१ ची परीक्षा २२ भाषांतून घेतली होती. मराठी शाळेतल्या मुलाच्या हातात मराठी पुस्तिका पडते, कन्नड शाळेतल्या मुलाच्या हातात कन्नड. म्हणजे कुठल्या शाळेला कुठल्या भाषेची पुस्तिका गेली हे परीक्षा घेणाऱ्याला माहीत असतंच. त्याशिवाय दरवर्षी प्रत्येक शाळा यूडायसच्या फॉर्मवर आपलं माध्यम भरून देते आणि सर्वेक्षणासाठी शाळा निवडतात त्या याच यादीतून. मुलांना विचारलेल्या प्रश्नावलीत घरी बोलायची भाषा आणि शाळेची भाषा एकच आहे का, असाही प्रश्न होता. इतकं सगळं हातात असून शेवटच्या तक्त्यात माध्यमाचा रकाना नाही.

आणि कर्नाटकाला माध्यमवार आकडे काढता येत नाहीत असंही नाही. दहावीचा निकाल लागतो तेव्हा कन्नड, इंग्रजी, उर्दू, मराठी अशा माध्यमांची टक्केवारी जाहीर होते. पण दहावी म्हणजे फार उशीर. तिसरीत हातचा घ्यायला न शिकलेलं पोर दहावीत गणितात अडकलं, हे कळून उपयोग काय? आणि जी पोरं मधेच शाळा सोडून कामाला लागली ती तर त्या निकालात येतच नाहीत.

आता गणितात भाषेचा काय संबंध, दोन अधिक दोन सगळीकडं चारच, असं आपल्यातलेही काही जण म्हणतात. मामेभावाबरोबर बसले तेव्हा तो संबंध डोळ्यांसमोर दिसला.

त्याला म्हटलं, एकोणसाठ लिही. त्यानं ६९ लिहिलं. साठ ऐकलं, साठाचा सहा लिहिला. एकोण म्हणजे नऊ हे त्याला माहीत आहे, म्हणून पुढं नऊ लिहिला. दुसऱ्या दिवशी त्याला घेऊन खानापूरच्या बाजारात गेले. दुकानदार कानडीत म्हणाला, 'ऐवत्तोंबत्तु'. पोरानं साठ रुपये दिले आणि एक रुपया परत मागून घेतला, एका क्षणात.

यात पोराची हुशारी कमी-जास्त झाली नाही. शब्दाची घडण वेगळी आहे, एवढंच. कानडीत ऐवत्तु म्हणजे पन्नास आणि ओंबत्तु म्हणजे नऊ. आधी दशक, मग एकक. जसं लिहितो तसंच बोलायचं. मराठीत पंचवीस म्हणताना पाच आधी येतो आणि वीस नंतर, लिहिताना मात्र दोन आधी. आणि एकोणसाठ म्हणजे साठाला एक कमी, म्हणजे शब्दातच एक वजाबाकी लपलेली. जर्मन भाषेतही एकक आधी बोलतात, आणि तिथल्या लहान मुलांच्या दोन अंकी संख्या लिहिताना याच उलटसुलटीच्या चुका होतात हे अभ्यासकांनी दाखवलंय.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये याच गोष्टीवरून किती रान उठलं होतं ते आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीसबरोबर 'वीस एक' अशी वाचायची पद्धत दिली आणि विधानसभेपासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळीकडं चेष्टा आणि भांडण सुरू झालं. गणिताच्या समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांनी लहान मुलांचा हाच गोंधळ कारण म्हणून सांगितला होता. ती पद्धत चांगली का वाईट, यावर मला इथं निकाल द्यायचा नाही. मला एवढंच म्हणायचंय की तो वाद मुंबई-पुण्यात झाला. ज्या मुलांच्या कानावर रोज एकोणसाठ आणि ऐवत्तोंबत्तु दोन्ही पडतात, ती मुलं इथं आहेत, सीमाभागात. दोन भाषांमुळं त्यांचं गणित अडखळतंय की उलट सुधारतंय? दोन्ही होऊ शकतं. माझ्या मामेभावाचा बाजारातला हिशेब बघितला तर कानडीची मदतच होते असं वाटतं. पण एका पोरावरून सिद्धांत मांडता येत नाही. त्यासाठी आकडे लागतात आणि तो रकाना कोऱ्यापेक्षाही वाईट आहे, कारण तो आखलेलाच नाही.

शाब्दिक उदाहरणांचं तर विचारूच नका. आपल्याकडं बेरीज-वजाबाकी, कानडी पुस्तकात संकलन-व्यवकलन. कर्नाटक सरकार मराठी माध्यमाची पुस्तकं काढतं, त्यातली मराठी आणि बालभारतीची मराठी प्रत्येक ठिकाणी सारखी असेलच असं नाही. मग राष्ट्रीय परीक्षेच्या मराठी पुस्तिकेत शब्द कुणाचे? पुण्याच्या पुस्तकातले की बेंगळूरच्या? आमच्या शाळेतल्या पोराला 'परिमिती' हा शब्दच नवा वाटला आणि त्यानं प्रश्न सोडला, तर ती गणिताची चूक धरायची की भाषांतराची? ही पुस्तिका छापायच्या आधी बेळगाव-निपाणीच्या एखाद्या मराठी शाळेतल्या गुरुजींना कुणी दाखवली होती का? एवढं विचारायचा आपला हक्क आहे.

आता तज्ज्ञ मंडळींचा एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे, म्हणून आधीच घेते. हे सर्वेक्षण नमुन्यावर चालतं. २०२१ मध्ये एका शाळेतून एका इयत्तेची जास्तीत जास्त तीस मुलं घेत होते. जिल्ह्याचा अंदाज बरोबर यावा इतक्याच शाळा निवडलेल्या असतात. त्यात मराठी माध्यमाच्या शाळा थोड्याच आल्या असतील तर तेवढ्यावरून 'बेळगावातल्या मराठी मुलांचं गणित' असं ठाम सांगणं चुकीचं ठरेल. भाताची शितं दाबताना कोपऱ्यातल्या दोन शितांवरून कोपऱ्याचा निकाल देता येत नाही.

पण यावर उपाय आहे आणि जगात तो वापरला जातो. १५ वर्षांच्या मुलांची 'पिसा' नावाची आंतरराष्ट्रीय चाचणी असते. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणारे लोक लोकसंख्येच्या पाच-सहा टक्केच आहेत. तरी पिसाच्या वेळी तिथं स्वीडिश माध्यमाच्या शाळा मुद्दाम जास्त संख्येनं निवडतात, म्हणजे त्यांचा निकाल वेगळा काढता येईल. कॅनडात तर प्रांताप्रांतातल्या इंग्रजी शाळांचे आणि फ्रेंच शाळांचे निकाल वेगवेगळे छापतात. कधी अल्पसंख्य भाषेची मुलं मागं दिसतात, कधी बरोबरीनं. जे असेल ते छापतात, आणि मग त्यावर सरकारला जाब विचारता येतो. तिथं हे कुणी उपकार म्हणून करत नाही. अल्पसंख्य भाषेत शिकायचा हक्क दिला असेल तर तो हक्क नीट मिळतोय का हे तपासायला हवं, एवढा साधा विचार त्यामागं आहे.

आपल्याकडं हक्क कागदावर आहेच. १९५६ मध्ये राज्यं भाषेनुसार बांधली गेली तेव्हाच सातव्या घटनादुरुस्तीनं दोन कलमं आली. ३५० क म्हणतं की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळेल अशी सोय राज्यानं करावी. ३५० ख नुसार भाषिक अल्पसंख्याकांसाठी खास अधिकारी नेमला जातो आणि तो राष्ट्रपतींना अहवाल देतो. पण सोय म्हणजे काय? शाळेची खोली, पाटी आणि एक अतिथी शिक्षक, एवढ्यानं सोय झाली का? पोराला भागाकार आला तर सोय झाली. ते मोजलंच नाही तर तो अधिकारी अहवालात लिहिणार काय?

२०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकालही लक्षात घ्या. कर्नाटकाच्याच प्रकरणात न्यायालयानं सांगितलं की मुलानं कुठल्या माध्यमात शिकावं हे सरकार लादू शकत नाही, ती निवड पालकांची. ठीक आहे. पण निवड करायला माहिती लागते. मामाच्या हातात आज काय आहे? एका बाजूला इंग्रजी शाळेची पिवळी बस, टाय-बूट, रंगीत जाहिरात. दुसऱ्या बाजूला गावातली शाळा, जिच्याबद्दल 'तिथं काय शिकवत नाहीत गा' एवढीच कट्ट्यावरची ऐकीव गोष्ट. ती गोष्ट खरीही असेल, खोटीही असेल. इंग्रजी शाळेतल्या पोरांना तरी भागाकार येतोय का, हेही त्याला माहीत नाही. 'असर' हे प्रथम संस्थेचं सर्वेक्षण २००५ पासून खेड्यापाड्यांत घरोघरी जाऊन होतं. त्यांच्या २०२४ च्या अहवालात देशाच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी फक्त ३०.७ टक्क्यांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. यात सरकारी आणि खासगी, दोन्ही शाळांतली मुलं आली. म्हणजे टाय घातल्यानं भागाकार येतो असं नाही.

आता आपल्या घरातलं बोलू. हे लिहिताना मला थोडी भीती वाटते, पण हे पेज आपलंच आहे.

या विषयावर मी चळवळीतल्या एका ज्येष्ठ काकांशी बोलले. ते म्हणाले, "बाळ, हे आकडे मागू नकोस. उद्या आकडे आले आणि आपली मुलं मागं दिसली, तर तेच कागद दाखवून ते आपल्या शाळा बंद करतील." त्यांचा अनुभव माझ्या वयाच्या दुप्पट आहे. त्यांची भीती मी उडवून लावत नाही. ज्या सरकारशी आपला इतका जुना झगडा आहे, त्याच्या हातात आपणच काठी का द्यावी?

पण मला उलट वाटतं. आकडे नसतानाही पट कमी होतोच आहे. शाळा शाळेत विलीन होतेच आहे. शिक्षक निवृत्त झाले की जागा रिकामी राहतेच आहे, अतिथी शिक्षकावर वर्ष निघतंच आहे. या पेजवर दर आठवड्याला असल्या तक्रारी येतात. त्या घेऊन बीईओ ऑफिसात गेलं की साहेब म्हणतात, 'जिल्ह्याची सरासरी चांगली आहे, बघतो.' तिथं आपल्याकडं उत्तर नसतं, कारण सरासरी त्यांची आहे आणि आपल्याकडं फक्त भावना आहे. समजा माध्यमवार आकडे आले आणि मराठी शाळांची मुलं गणितात मागं दिसली, तर पहिला प्रश्न हाच येईल की का मागं? शिक्षक किती, जागा किती रिकाम्या, पुस्तकं कधी पोचली? हे प्रश्न विचारायला तो आकडा पुरावा होईल. आणि समजा आपली मुलं बरोबरीनं किंवा पुढं दिसली, तर मामासारख्या हजार पालकांना सांगायला आपल्याकडं भाषणापेक्षा बरं काहीतरी असेल. दोन्हीकडून आकडा आपल्या कामाचा आहे. न मोजण्यात फायदा फक्त त्याचा, ज्याला जाब द्यायचा नाही.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी. आपण शाळा कशावरून मोजतो? पाटी कुठल्या भाषेत आहे, स्नेहसंमेलनात काय म्हटलं, १ नोव्हेंबरला किती लोक आले. यातलं काही चुकीचं नाही, मीही त्या फेरीत चालते. पण मराठी शाळा वाचवा म्हणणाऱ्या किती जणांनी त्या शाळेत जाऊन पाचवीच्या पोराला भागाकार घालून बघितलाय? आणि व्यासपीठावरून मातृभाषेवर बोलणाऱ्या किती जणांची मुलं मराठी शाळेत आहेत? मामानं मला हेही विचारलं होतं. मी खाली मान घातली, कारण मी स्वतः आठवीपासून इंग्रजी माध्यमात गेले.

भाषेवर प्रेम करून शाळा टिकत नाही. त्या शाळेत पोरगं चांगलं शिकतं असं शेजारच्या घराला दिसलं तर टिकते.

मग करायचं काय? चार गोष्टी सुचवते. बरोबर-चूक तुम्ही सांगा.

पहिली: मागणी नेमकी करू. 'मराठीवर अन्याय' असं मोघम लिहिण्यापेक्षा असं लिहू: पुढच्या राष्ट्रीय सर्वेक्षणात, जिथं भाषिक अल्पसंख्याक माध्यमाच्या शाळा लक्षणीय आहेत त्या जिल्ह्यांत त्या शाळांचा नमुना वाढवा आणि निकाल माध्यमवार छापा. ही मागणी फक्त मराठीसाठी नको. आपल्या जिल्ह्यातल्या उर्दू शाळांसाठीही हवी. गोव्यातल्या मराठी प्राथमिक शाळांसाठी हवी. आणि महाराष्ट्रातल्या जत, अक्कलकोटच्या कन्नड शाळांसाठीही हवी. तिथल्या कन्नड पोराचा रकानाही असाच गायब आहे. ही मागणी त्या मुलांसह केली तर तिला 'सीमावादाचं राजकारण' म्हणून कोपऱ्यात टाकणं अवघड जाईल, आणि मुळात ती तशी करणंच योग्य आहे.

दुसरी: माहितीचा अधिकार वापरू. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत. 'आम्हाला तक्ता बनवून द्या' असं मागितलं तर 'अशी माहिती संकलित नाही' असं उत्तर येतं. म्हणून जे नोंदीत असणारच ते मागायचं. २०२१ आणि २०२४ च्या सर्वेक्षणात बेळगाव आणि चिकोडी जिल्ह्यांतल्या किती मराठी माध्यमाच्या शाळा निवडल्या होत्या? मराठी पुस्तिका किती मुलांनी सोडवली? पुस्तिकेचं मराठी भाषांतर कुणाकडून तपासून घेतलं? अर्जाचा मसुदा कायदा शिकणाऱ्या आपल्या मित्रमैत्रिणींनी एकदा नीट करून द्यावा.

तिसरी: एसडीएमसीत जाऊ. प्रत्येक सरकारी शाळेत ही समिती असते, पालक तिचे सदस्य असतात. तिच्या बैठकीत बहुतेक वेळा रंगकाम आणि छपराचं बोलणं होतं. तिथं एक विषय ठेवायला सांगू: आपल्या शाळेतल्या पाचवीच्या किती मुलांना भागाकार येतो? गुरुजींवर खेकसायचं नाही. ज्या गुरुजींकडं दोन-तीन वर्ग एकत्र आहेत त्यांना दोष देऊन काही मिळणार नाही. पण प्रश्न कागदावर आला पाहिजे.

चौथी: सरकारची वाट न बघता आपणच बघू. असरची पद्धत अगदी साधी आहे. एका कागदावर चार पायऱ्या: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी संख्या ओळखणं, हातच्याची वजाबाकी, आणि तीन अंकीला एक अंकीनं भागणं. घरी जाऊन एकेका मुलाजवळ बसायचं, घाई करायची नाही, मूल ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत बोलायचं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आपल्यातल्या प्रत्येकानं आपल्या गल्लीतल्या किंवा गावातल्या मुलांबरोबर एवढं केलं तरी पुरे. यातून राष्ट्रीय आकडा निघणार नाही आणि काढायचाही नाही. कुणा मुलाचं नाव किंवा शाळेचं नाव पेजवर टाकायचं नाही, कुणाची बदनामी करायची नाही. पण कुठल्या पायरीवर पोरं अडकतात ते आपल्याला कळेल, आणि त्या पायरीवर संध्याकाळी तासभर बसायला आपण मोकळे आहोतच.

मी माझ्यापुरती सुरुवात केलीय. मामेभावाला वजाबाकी येते, हातच्याचीही. भागाकारात तो अडकला. तीन आठवडे रोज रात्री व्हिडिओ कॉलवर दोन-दोन गणितं घातली. पावकी-निमकी त्याला आमच्या आजीनं सुरू करून दिली, ती अजून तोंडपाठ म्हणते. आता त्याला भागाकार येतो. एकोणसाठ म्हटल्यावर अजून क्षणभर थांबतो, हळूच ऐवत्तोंबत्तु पुटपुटतो आणि मग ५९ लिहितो. मला ते बघून हसू येतं आणि बरंही वाटतं.

मामानं मात्र अजून ठरवलेलं नाही. परवा फोनवर परत विचारलं, "मग काय झालं गं तुझ्या आकड्यांचं?" मी म्हटलं, मामा, अजून मिळाले नाहीत, मागतोय आम्ही. तो म्हणाला, "माग बाई. पण शाळा सुरू व्हायच्या आत सांग."

धाकटीचा प्रवेश जूनमध्ये आहे. तुमच्याही घरात, गल्लीत अशी एखादी धाकटी असेल. तिच्या बापाला काय सांगणार आहात?